व्यासराजमामांच्या दोन गाड्या

मी मद्रासला आले ते साल छप्पन्न. व्यासराजमामा तेव्हा बावन्न वर्षांचे होते, पण पहिल्या दिवशी मला ते साठीच्या पुढचे वाटले. एग्मोरला मातृसेवा केंद्राच्या फाटकाशी एक लहानशी काळी मोटार उभी होती. तिचं बॉनेट उघडं होतं आणि एक उंच, पाठीत वाकलेला माणूस आत डोकं घालून काहीतरी आवळत होता. डॉक्टरीणबाई कुठे बसतात, असं मी त्यांना मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं. त्यांनी मान वर करून माझ्या मंगळसूत्राकडे पाहिलं.

"महाराष्ट्रांतून आलीस काय?" ते म्हणाले. "आंत जा. डावीकडची खोली."

माझे यजमान वसंतराव रेल्वेत. त्यांची बदली एग्मोरच्या कचेरीत झाली आणि पुण्याला नर्सिंग शिकलेली मी नोकरी शोधत होते. अनोळखी शहरात पहिलाच माणूस मराठी बोलला म्हणून मला रडू यायचं बाकी होतं. पण ती मराठी माझी नव्हती. व्यासराज राव तंजावरचे. त्यांचे पूर्वज दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तिकडे गेले ते तिथलेच झाले. घरात मराठी राहिली, पण ती जुन्या पोथीतल्यासारखी. ते 'नाहीं', 'तें', 'जावें' असं बोलत आणि मध्येच 'सरी' म्हणत, म्हणजे 'बरं'. गाडीला ते 'वंडी' म्हणायचे. आम्ही वेस्ट मांबलमला दोन खोल्या घेतल्या, तर त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे निघालं. तेव्हापासून मी त्यांना मामा म्हणू लागले.

केंद्र डॉक्टर कृष्णवेणीबाईंनी काढलेलं. त्याही तंजावरच्याच, मुन्सफांची मुलगी. लग्न केलं नाही, आयुष्य बाळंतिणींमध्ये गेलं. मामा सदतीस सालापासून त्यांचे ड्रायव्हर. ती काळी मोटार त्याच्याही आधीची, बेबी ऑस्टिन, मुन्सफांनी चौतीस साली घेतलेली. वडील गेल्यावर डॉक्टरांनी ती केंद्राला दिली. वडिलांची बसायची जागा म्हणून त्या कधी पुढच्या सीटवर बसत नसत; मागे, गुडघे पोटाशी घेऊन बसायच्या.

त्या गाडीचं किती सांगावं. दोन धडधाकट माणसं तिचं मागचं अंग उचलून बाजूला ठेवू शकत. पेट्रोल ती फार कमी खायची. कितीही अरुंद बोळात शिरायची आणि तिथेच वळायची. पण चढ आला की दम लागायचा, पाणी उकळायचं, ब्रेक लागतील की नाही ते त्या दिवसाच्या लहरीवर असायचं. बॅटरीवर ती चालू व्हायची तो काळ मी पाहिलाच नाही. पुढून हँडल घालून फिरवावं लागे. एक्कावन्न साली ते हँडल उलटं फिरलं आणि मामांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं. पावसाळी हवेत ते मनगट काखेत दाबून बसायचे.

तरी रोज सकाळी ते गाडी पुसायचे. पितळी टोपण घासायचे, काचा कागदाने चकचकीत करायचे. सगळे म्हणायचे, रावांचा जीव आहे त्या गाडीवर. मीही तेच धरून चालले होते.

आठवड्यातले पाच दिवस आम्ही शहरातल्या शहरात फिरत असू. मंगळवार मात्र कोवलमचा. समुद्रकाठी कोळ्यांची वस्ती, एक जुनं चर्च, पलीकडे दर्गा आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. तिथे डॉक्टर नव्हता. एग्मोरहून निघून अड्यारचा पूल ओलांडायचा, सरळ दक्षिणेला केळंबाक्कमपर्यंत जायचं आणि तिथून समुद्राकडे वळायचं. मध्ये खाजण लागतं. दोन्ही बाजूंना मिठागरं आणि मधून दगडी बांधावरचा रस्ता. सगळं मिळून पंचवीस मैल. आम्हाला दोन तास लागायचे, उन्हाळ्यात अडीच. वाटेत तीनदा थांबून मामा रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे. कोवलमला रस्ता वाळूत संपायचा. लहान चाकांना वाळू चालत नसे, म्हणून गाडी तिथेच ठेवून शेवटचा अर्धा मैल पायी. औषधांची पेटी मामांच्या डोक्यावर, तपासायचं दुमडतं टेबल माझ्या काखेत, आणि डॉक्टर हातात चपला घेऊन पुढे.

बायका मात्र वाट पाहत असायच्या. लांबून गाडीचा फटफट आवाज आला की पोरं धावत यायची, "रायर आले, रायर आले" करत. तिकडे आमच्या लोकांना रायर म्हणतात. केंद्राचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. दवाखाना म्हणजे रायर आणि त्यांची गाडी.

एकोणसाठच्या जूनमध्ये दुसरी गाडी आली. केंद्राच्या समितीचे चिटणीस गुरुमूर्ती म्हणून होते, सरकारी इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, हिशेबी पण मनाने चांगले. त्यांनी लष्कराच्या लिलावात एक डॉज अँब्युलन्स मिळवली. लढाईच्या वेळची, अमेरिकन, हिरवी, दारात उभी राहिली तर फाटक दिसेनासं व्हायचं. चाकं माझ्या कमरेपर्यंत. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळायचा. पुढची दोन जोडायला वेगळा दांडा होता. मागे दोन बाजूंना बाकं, वर स्ट्रेचर टांगायचे पट्टे. स्टिअरिंग डाव्या बाजूला. वीस-बावीस वर्षं उजवीकडे बसलेल्या मामांना पहिल्या आठवड्यात उजव्या हाताच्या खिडकीतून हात बाहेर काढायची सवय मोडावी लागली. तिथे खिडकी नव्हतीच, रिकामी सीट होती.

शेड एकच गाडीची होती आणि ड्रायव्हरही एकच. गुरुमूर्तींनी ठरवलं की सहा महिने एका मंगळवारी ऑस्टिन, म्हणजे आमची धाकटी, न्यायची, दुसऱ्या मंगळवारी डॉज, म्हणजे थोरली, आणि डिसेंबरच्या बैठकीत कोणती ठेवायची ते ठरवायचं. डॉक्टरांना हे आवडलं नाही. त्यांच्या मनाने निकाल आधीच धाकटीच्या बाजूने लागला होता.

थोरलीची पहिली फेरी मला चांगली आठवते. एका तासात आम्ही केळंबाक्कमला होतो. पाणी ओतायला थांबावं लागलं नाही. रस्ता संपला तिथे मामांनी तो दांडा ओढला आणि गाडी वाळूत शिरली, होड्यांच्या शेजारून थेट चर्चच्या मैदानात. मला इतकं बरं वाटलं की मी हसायला लागले. मग लक्षात आलं, मैदानात कोणी नाही. झोपड्यांची दारं बंद. एक म्हातारा जाळं विणत बसला होता तो तेवढा उठला नाही. लांब नारळीच्या बागेकडे बायका पळताना दिसल्या, कोणाच्या डोक्यावर मडकं, कोणाच्या कडेवर मूल.

मामा खाली उतरले आणि म्हाताऱ्याशी बोलून आले. राज्यात दारूबंदी होती. कोवलमला काही घरांत चोरून दारू गाळत, आणि पोलिसांची गाडी यायची ती अशीच मोठी, हिरवी. आम्ही दोन तास बसलो. तीन बायका आल्या. त्यातली एक आठव्या महिन्याची होती. तिला मागच्या उंच पायरीवर चढता येईना, म्हणून तपासणी खाली वाळूतच केली.

पुढच्या मंगळवारी धाकटी नेली, तर एक्केचाळीस बायका. डॉक्टर परतताना गाणं गुणगुणत होत्या.

असे पाच महिने गेले. थोरलीला मामांनी लाकडी चौरंग करून घेतला, म्हणजे बायकांना चढता येईल. तिला पांढरा रंग द्या, असं त्यांनी गुरुमूर्तींना दोनदा सांगितलं. आधी ठेवायची की नाही ते ठरू दे, असं उत्तर आलं. थोरलीच्या मंगळवारी बायका हळूहळू दहा-बारा येऊ लागल्या, त्याहून जास्त नाहीत. आणि त्या मंगळवारी संध्याकाळी मामा घरी आले की त्यांच्या बायकोला, सीतालक्ष्मीमामींना, त्यांचा शर्ट काढून द्यावा लागे. स्टिअरिंग इतकं जड होतं की खांद्यापासून बोटांपर्यंत हात भरून यायचा. क्लच दाबायला अंगाचा भार टाकावा लागे. मामींनी एकदा मला विचारलं, धाकटीच्या दिवशी बरे असतात ना ते? मला सांगता येईना. धाकटीच्या दिवशी ते डोक्यावर पेटी घेऊन वाळू तुडवायचे, हँडल मारायचे, चाकाखाली आडवे व्हायचे. दोन्ही गाड्यांनी ते थकायचे. थकण्याची जागा तेवढी वेगळी.

नोव्हेंबरमध्ये मद्रासचा पाऊस लागला. तिसऱ्या मंगळवारी पाळी धाकटीची होती. चार दिवस झड लागलेली, पहाटेपासून थोडी उघडीप. मामा फाटकाशी उभे राहून डॉक्टरांना म्हणाले की आज थोरली नेऊ, खाजणात पाणी असेल. डॉक्टर म्हणाल्या, थोरली पाहून कोणी येणार नाही, मग जायचं तरी कशाला. मामांनी थोरलीचीच किल्ली घेतली. डॉक्टरांचं न ऐकता त्यांनी काही केल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बांधावर पाणी होतं, पण वीतभरच. पार झालो. वस्तीत मात्र नेहमीसारखं कोणी पळालं नाही. उलट एक माणूस गाडीकडे धावत आला. अंजलै नावाच्या बाईला आदल्या संध्याकाळपासून कळा येत होत्या आणि मूल बाहेर येत नव्हतं.

झोपडीत गेलो. अंजलै बावीस-तेवीसची असेल. बाळाचा हात बाहेर आला होता, आणि बाळ आडवं. डॉक्टरांनी तपासलं, बाळाच्या ठोक्यांसाठी नळी पोटाला लावून बराच वेळ ऐकलं, मग नळी काढून मला देताना मान हलवली. बाळ गेलेलं होतं. आईला वाचवायचं तर ऑपरेशन हवं, म्हणजे एग्मोरचं मोठं इस्पितळ, आणि तेही लवकर. मी स्ट्रेचर आणायला वळले तर दारात तिची सासू उभी. कुप्पम्मा तिचं नाव. रुंद हाडाची, चौकट भरून टाकणारी बाई, डोक्यावर माशाच्या टोपल्या वाहून मान खांद्यात रुतलेली.

ती म्हणाली, त्या गाडीत माझी सून जाणार नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाला अशाच गाडीत घालून नेलं होतं. सहा महिन्यांची शिक्षा झाली. तो आत असताना अंजलैचं पहिलं मूल तापाने गेलं. कुप्पम्माचं म्हणणं एकच, या गाडीत जो बसतो त्याच्यामागे घरात मरण येतं. डॉक्टरांनी समजावलं, मग रागावल्या, मग हात जोडले. मुलगा तिथेच बाहेर उभा होता, तो आईपुढे बोलेना. कुप्पम्मा म्हणाली, रायरांची लहान गाडी आणा, तिच्यातून नेते.

मामा तोवर बाहेर होते. ते आत आले, वाकून, कारण छप्पर खाली होतं. ते तमिळमध्ये तिच्याशी जे बोलले ते मला शब्दन् शब्द कळलं, कारण ते फार हळू बोलत होते.

"लहान गाडी मी बावीस वर्षं चालवतो," ते म्हणाले. "तिला माझ्याइतकं कोणी ओळखत नाही. आज ती बांधावर बंद पडेल. पाणी इंजिनात जाईल आणि मग ती हलणार नाही. तुझ्या सुनेला मी पाण्यात ठेवून पायी परत येऊ का? मोठी गाडी मलाही आवडत नाही. पण ती पोचेल."

मामांनी कुप्पम्माला बाहेर नेलं. गाडीची मागची दोन्ही दारं उघडून त्यांनी तिला आत चढवलं, बाकं दाखवली, बाकांखालची औषधांची पेटी उघडून दाखवली. ती खाली उतरली तेव्हा म्हणाली, मी पुढे बसेन, रस्ता मला दिसला पाहिजे.

अंजलैला आत घेतलं. मी आणि डॉक्टर तिच्यापाशी मागे बसलो. मागच्या भागातून पुढे पाहायला एक हातभर खिडकी होती, तिच्यातून मला मामांची पाठ आणि कुप्पम्माचा खांदा दिसत होता. निघालो तेव्हा पावसाने पुन्हा धरलं होतं.

बांधापाशी आलो तर दोन तासांपूर्वीचा रस्ता दिसेना. भरती खाजणात चढली होती. दोन्हीकडची मिठागरं आणि रस्ता सगळं एकच पाणी, आणि त्यात बांधाच्या कडेचे दगड थोडे थोडे वर. मामांनी गाडी थांबवली, दांडा ओढला आणि पाण्यात घातली. पाणी पायरीवरून आत आलं, माझ्या पायांखालून वाहू लागलं. डॉक्टर अंजलैचा हात धरून बसल्या होत्या. बांध मध्यावर वळतो. तिथे एक चाक खड्ड्यात गेलं, स्टिअरिंगला हिसका बसला आणि मामांच्या तोंडून एक आवाज निघाला. उजवा हात स्टिअरिंगवरून खाली पडला.

गाडी कडेकडे सरकत होती. मामा डाव्या हाताने स्टिअरिंग धरून होते, पण ते वळत नव्हतं.

"धर," ते कुप्पम्माला म्हणाले. "तुझ्याकडे ओढ."

ती पुढे झुकली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि ओढलं. पुढची चाकं वळली, दगडावर घासली आणि गाडी रस्त्यावर आली. तिथून केळंबाक्कमपर्यंत त्या दोघांनी मिळून गाडी चालवली. मामा पायांनी क्लच आणि ब्रेक सांभाळत, डाव्या हाताने दिशा देत, आणि ओढ किंवा सोड असं सांगत. ती तसं करत होती. एकदाही तिने काही विचारलं नाही. पुढे पक्का रस्ता लागला तेव्हा मामांनी तिला हात काढायला सांगितलं, पण तिने अड्यारच्या पुलापर्यंत एक हात स्टिअरिंगवरच ठेवला होता.

इस्पितळात पोचायला पावणेदोन तास लागले. अंजलै वाचली. दहा दिवसांनी ती घरी गेली.

त्या दुपारी इस्पितळाच्या ओट्यावर मामा आणि कुप्पम्मा शेजारी शेजारी बसले होते. मी कॉफी आणून दिली. मामांना पेला उजव्या हाताने उचलता येईना, त्यांनी डाव्या हाताने घेतला. दोघेही भिजलेले. कॉफी संपल्यावर कुप्पम्माने विचारलं की कोवलमची बस कुठून सुटते. मामा उठले आणि तिला बसपर्यंत सोडून आले.

मनगट पुन्हा मोडलं नव्हतं, पण शिरा दुखावल्या होत्या. तीन आठवडे हात झोळीत होता. डिसेंबरची बैठक आली तेव्हा झोळी नुकतीच निघालेली. बैठकीत समितीचे चौघे, डॉक्टर आणि आकडे वाचून दाखवायला मी. धाकटीच्या मंगळवारी किती बायका, थोरलीच्या मंगळवारी किती, ते मी वाचलं. आकडे सरळच धाकटीच्या बाजूचे होते. डॉक्टर म्हणाल्या, लोक ज्या गाडीला भितात तिच्यातून दवाखाना नेऊन काय उपयोग. गुरुमूर्तींनी पेन खाली ठेवलं आणि मामांना बोलावून घेतलं. खुर्ची पुढे केली, पण मामा बसले नाहीत. तुमचं मत काय, असं गुरुमूर्तींनी तमिळमध्ये विचारलं. मामांनी उत्तर डॉक्टरांकडे बघून मराठीत दिलं.

"थोरली ठेवा, अम्मा. धाकटी काढून टाका."

डॉक्टरांना ते अपेक्षित नव्हतं. "राव, हें तुम्ही बोलतां?" त्या म्हणाल्या. "बाबांची वंडी. इतकी जपलीत तुम्ही ती."

"जपली. ती मोडेल म्हणून रोज भीत होतों, म्हणून जपली. त्या दिवशीं ती नेली असती तर ती पोर बांधावरच गेली असती. तुम्हांला ठाऊक आहे तें."

डॉक्टर टेबलाकडे पाहत राहिल्या.

"लोक भितात तें रंगाला भितात," मामा म्हणाले. "पांढरा रंग द्या. पण आणखी एक सांगतों. थोरली माझ्याच्यानें चालायची नाहीं. हा हात तिला पुरत नाहीं. दुसरा माणूस पहा."

गुरुमूर्तींना मराठी येत नव्हतं. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले की असं उत्तर दिलं तर आपली नोकरी जाईल हे रायरांना कळतंय ना. ते मामांना विचारायची गरज नव्हती, त्यांना ते माहीत होतं.

"मग तुम्ही काय करणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"थोडे दिवस निजेन," मामा म्हणाले. "सरी, येतों."

जानेवारीत नवा ड्रायव्हर आला. प्रतापसिंह, तंजावरचाच मराठा, फौजेत ट्रक चालवलेला, पस्तिशीचा. थोरलीचं स्टिअरिंग तो एका हाताने फिरवायचा. गाडीला पांढरा रंग लागला. तरी पहिल्या मंगळवारी कोवलमला दारं बंदच होती. मग गुरुमूर्तींनी मामांच्या घरी जाऊन विनंती केली, आणि मामा तीन महिने दर मंगळवारी प्रतापसिंहाच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून आले. त्यांना काही करायचं नसे. मैदानात गाडी थांबली की आधी ते खाली उतरायचे आणि बॉनेटला टेकून उभे राहायचे, लोकांना दिसावेत म्हणून. पहिल्यांदा कुप्पम्मा आली. ती तपासून घ्यायला नव्हती आली; येऊन गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. मार्चअखेर बायका तीसच्या वर येऊ लागल्या.

परतताना मामा झोपायचे. केळंबाक्कम सोडलं की मान छातीवर पडायची, ती एग्मोर येईपर्यंत. प्रतापसिंह खड्डे चुकवत चालवायचा आणि मी मागून बोलले तर हाताने मला गप्प करायचा. बावीस वर्षांत या रस्त्यावर मामांनी डोळा मिटला नव्हता. आता ते झोपत होते आणि कोणी त्यांना उठवत नव्हतं.

डॉक्टर मात्र त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. भांडण नव्हतं, फक्त समोर आल्या की हातातल्या कागदांत बघायच्या. धाकटी शेडमागे ताडपत्रीखाली पडून होती. डॉक्टरांनी ती मामांना द्यायची इच्छा माझ्यामार्फत कळवली. मामांनी नको म्हणून कळवलं. वडपळनीच्या एका सिनेमा स्टुडिओने जुनी मोटार हवी म्हणून ती नेली.

एप्रिलमध्ये मामांचं येणं थांबलं. मी संध्याकाळी घरी जाताना त्यांच्याकडे डोकवायचे. ते ओसरीवर बसलेले असायचे, मांडीवर वर्तमानपत्र, बहुतेक वेळा न उघडलेलं. मामी म्हणायच्या, झोप अजून पुरी झाली नाही यांची. वसंतरावांच्या ओळखीने रेल्वेत कुठे हलकं काम मिळेल का, असं मी विचारलं. मामा म्हणाले की या वर्षी नको.

पावसाळ्याच्या सुमारास एका रविवारी मी त्यांच्याकडे असताना दाराशी सायकलरिक्षा थांबली आणि कृष्णवेणीबाई उतरल्या. इतक्या वर्षांत त्या कधी या घरी आल्या नव्हत्या. मामींची धावपळ झाली. डॉक्टर ओसरीवरच बसल्या. कोवलमचं सांगितलं, अंजलैला पुन्हा दिवस गेलेत, यावेळी महिनाभर आधीच एग्मोरला येऊन राहायचं कुप्पम्माने कबूल केलंय. कॉफी आली. डॉक्टरांनी पेला हातात तसाच धरून ठेवला.

"मनगट कसें आहे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"आहे तसें आहे."

"मला दाखवा."

मामांनी हात पुढे केला. डॉक्टरांनी तो दोन्ही हातांत घेऊन वळवून पाहिला, हाड कुठे वाकडं जुळलंय ते अंगठ्याने चाचपलं. त्यांच्याच केंद्राच्या गाडीने ते मोडलं होतं आणि नऊ वर्षांत त्यांनी तो हात एकदाही पाहिला नव्हता. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की रात्री दुखतं का, आणि मामा म्हणाले की पावसांत दुखतं. मग त्यांनी पिशवीतून मलमाची डबी काढून मामींकडे दिली, रोज रात्री गरम पाण्याने शेकून चोळायचं म्हणून सांगितलं, किती वेळ आणि कुठून कुठे तेही दाखवलं.

एकसष्टच्या फेब्रुवारीत अंजलैला मुलगी झाली, डोक्याकडून, सरळ. त्या वर्षी मामा केंद्रात परत आले. गाडीवर नाही, दारातल्या टेबलाशी, बायकांना नंबराचे बिल्ले द्यायला. मांबलमहून ते विजेच्या आगगाडीने यायचे आणि बहुतेक रोज पाच-दहा मिनिटं उशिरा. डॉक्टरांनी त्यांना त्याबद्दल कधी विचारलं नाही.